कूलंट बदलायला चार तास: अंबडच्या एका छोट्या गॅरेजचा अनुभव

माझी गाडी २०११ ची पेट्रोल आय-टेन. मी नाशिकला पाथर्डी फाट्याला राहते, एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. महिन्यातून दोनदा तरी शहापूरला आईकडे जाऊन येते, म्हणजे कसारा घाट दोनदा उतरायचा आणि दोनदा चढायचा. गाडीची परीक्षा होते ती चढतानाच.

यंदा मे महिन्यात मी आईला नाशिकला आणत होते. सोमवारी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रविवारी दुपारी एकच्या सुमारास घाटात शिरलो. पुढे ट्रकांची रांग, गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नव्हती, एसी चालू. नेहमी मध्यावर असणारा टेंपरेचरचा काटा पाऊण भागापर्यंत गेला आणि मग लाल रेघेकडे सरकू लागला. बाजूला थांबायला जागा नाही, मागे कंटेनर. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल केला. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो गाडीत ओढून घेतो, तेवढाच इंजिनाला आराम. पण गंमत अशी, की इंजिन एवढं तापलेलं असताना हीटरमधून पहिली दोन-तीन मिनिटं कोमट हवाच येत होती. मग एकदम भाजणारी. तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. आई शेजारी पदराने वारा घेत बसली होती, तिला बीपी आहे, आणि मी तिच्याकडे न बघता काट्याकडे बघत होते.

घाट चढून इगतपुरीजवळच्या घाटनदेवीच्या मंदिरापाशी पोचलो तेव्हा बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती. बॉनेट उघडलं. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, डब्यात गडगड उकळण्याचा आवाज. दोन भल्या माणसांनी सांगितलं, वरून गार पाणी मारा. मी मारलं नाही. तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागावर, गार पाणी पडलं तर हेड वाकू शकतं, चीर जाऊ शकते. आणि रेडिएटरचं झाकण तर मुळीच उघडलं नाही. आत दाबाखाली असलेलं शंभराच्या वरच्या तापमानाचं पाणी झाकण सुटताक्षणी वाफ होऊन तोंडावर येतं. पन्नास मिनिटं थांबलो. आईने देवीचं दर्शन घेतलं, मी झाडाखाली उभी राहिले. नंतर होज पाइपला हात लावता आला तेव्हा प्यायच्या दोन बाटल्या आत ओतल्या आणि पन्नासच्या वेगाने घरी आलो. ऑपरेशन वेळेवर झालं.

मला राग आला तो वेगळ्या कारणाने. फेब्रुवारीतच मी एका ठिकाणी सर्व्हिसिंग केलं होतं. नाव लिहीत नाही. बिलावर 'कूलंट बदलले' असं स्पष्ट होतं, नऊशे रुपये. गाडी पंचवीस मिनिटांत हातात मिळाली होती. घाटाच्या प्रसंगानंतर तिथे विचारायला गेले तर उत्तर मिळालं, "मॅडम, हिरवं होतं ना आत? मग कूलंटच आहे." रंगावरून कूलंट ओळखणं म्हणजे बाटलीच्या रंगावरून औषध ओळखणं. तो नुसता डाय असतो. चिमूटभर डाय घातला की नळाचं पाणीही हिरवं दिसतं. कुठल्या कंपनीने कोणता रंग वापरायचा याचा सगळ्यांना बांधणारा नियम नाही.

आमच्या कॉलेजच्या बसचे ड्रायव्हरकाका मला म्हणाले, अंबडला एक मिस्त्री आहे, त्याच्याकडे घाईची कामं नेऊ नका, पण पाण्याचं काम त्यालाच द्या. सिडकोकडून अंबड एमआयडीसीत शिरताना रस्त्याला लागून पत्र्याची दोन शेड आहेत, त्यातलं दुसरं. बोर्ड आहे, पण उन्हाने अक्षरं उडाली आहेत. मिस्त्री साठीच्या आसपासचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणू लागले.

पहिल्याच भेटीत मला पटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी काम घेतलं नाही. मी गाडी चालवत नेली होती, इंजिन गरम होतं. म्हणाले, "ताई, गरम इंजिन मी उघडत नाही. आज संध्याकाळी लावून जा, सकाळी साडेआठला या. रात्रभर गार होऊ दे." आणि वर, "तुम्ही समोर उभ्या राहणार असाल तर बरं." मी रजा टाकली.

सकाळी त्यांनी आधी झाकण उघडून आतलं पाणी ड्रॉपरने काढलं आणि एका छोट्या दुर्बिणीसारख्या नळीच्या काचेवर दोन थेंब टाकले. ती नळी बघून मला हसूच आलं, कारण माझ्या दिंडोरीच्या दिरांच्या खिशात अशीच असते. द्राक्षाचा मणी चिरडायचा, रसाचा थेंब काचेवर घ्यायचा, उजेडाकडे धरून साखर बघायची. तत्त्व एकच: पाण्यात काही विरघळलं की उजेड जास्त वाकतो. बागेत साखरेमुळे, इथे ग्लायकॉलमुळे, म्हणजे कूलंटमधल्या मुख्य रसायनामुळे. फक्त मामांच्या नळीवर ब्रिक्सऐवजी, म्हणजे साखरेच्या मापाऐवजी, गोठणबिंदूचे आकडे आहेत. त्यांनी नळी माझ्या हातात दिली. रेघ उणे सहावर होती. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असेल तर ती उणे सदतीसच्या आसपास यायला हवी. उणे सहा म्हणजे जेमतेम पंधरा टक्के ग्लायकॉल. घाटात मी ओतलेल्या दोन बाटल्या धरल्या तरी हिशेब बसत नाही. फेब्रुवारीत भरलेलं बहुतेक पाणीच होतं.

नाशिकला गोठणबिंदू कशाला बघायचा, असं कुणीही विचारेल. निफाडला थंडीत पारा कितीही उतरला तरी उणे सदतीसशी आपला संबंध नाही. पण तो आकडा ग्लायकॉल किती आहे हे सांगतो, आणि ग्लायकॉलमुळे उकळबिंदूही वर जातो. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू उघड्या भांड्यात १०७ अंशांच्या जवळपास असतो. झाकणाने कोंडून एक बार दाब ठेवला तर तो सव्वाशेच्या वर जातो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच, तिथे साधं पाणी उघड्यावर ९८ अंशांनाच उकळतं. थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झालेलं कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडतो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान, फॅन लागतो नव्वदीच्या घरात. म्हणजे झाकण सैल आणि आत पाणी, तर आपल्या हातात उरतात चार-पाच अंश. घाटात तेवढे ट्रकमागच्या एका किलोमीटरमध्ये संपतात.

झाकणावर मामांचा संशय पहिल्यापासून होता. त्यांच्याकडे सायकलच्या पंपासारखा हातपंप आहे, त्याला दाबाचा घड्याळी काटा. तो रेडिएटरच्या तोंडावर बसवून त्यांनी दाब भरला आणि दहा मिनिटं काट्याकडे बघत बसले. काटा हलला नाही, म्हणजे रेडिएटर आणि पाइप शाबूत. मग तोच पंप माझ्या झाकणावर लावला. त्यावर १.१ छापलेलं आहे, ते अर्ध्याच्या आतच सुटलं. आतलं रबर कडक होऊन त्याला चिरा गेल्या होत्या. या झाकणाचं काम दुहेरी असतं. गरम झाल्यावर जास्तीचं कूलंट डब्यात जाऊ द्यायचं आणि गार झाल्यावर तेच परत ओढून घ्यायचं. रबर गेलं की बाहेर जातं ते परत येत नाही, त्याच्या जागी हवा येते. डब्यात पाणी दिसतं, रेडिएटर मात्र वरून रिकामा. घाटात हीटरमधून कोमट हवा का आली, हे मामांनी मला तिथे समजावलं. हीटरच्या नळीत हवा अडकली होती, गरम पाणी तिथपर्यंत पोचतच नव्हतं. मी ती गोष्ट सहज सांगितली होती, त्यांनी ती धरून ठेवली होती. इंजिन ऑइलचं झाकण उघडून खाली दुधासारखा फेस नाही ना, तेही पाहिलं. तो असता तर हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, जाऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळतंय असं समजायचं आणि खर्चाचा आकडा पाच अंकी झाला असता. तो नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला तो मामांनीही ऐकला असावा.

जुनं पाणी त्यांनी पांढऱ्या टबात काढलं, मला रंग दिसावा म्हणून. तांबूस-करडं, तळाशी बारीक गाळ. चारेक लिटर निघालं. एक बाटली मी प्रयोगशाळेत नेली आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बुडवून पाहिली: पीएच साडेसहा. चांगलं कूलंट किंचित अल्कधर्मी असतं, आठच्या आसपास किंवा वर. ग्लायकॉल उष्णतेने आणि हवेने हळूहळू सडतं, त्यातून आम्लं तयार होतात. कूलंटमध्ये गंजरोधक घातलेले असतात ते ही आम्लं मारत मारत स्वतः संपतात. ते संपले की पुढचा नंबर वॉटर पंपाच्या पात्यांचा, रेडिएटरच्या बारीक नळ्यांचा. कूलंट बदलायची मुदत पाळायची ती यासाठी. कूलंट आटलं नाही म्हणजे चांगलं आहे, हा समज मीही इतकी वर्षं बाळगून होते.

पहिली धुणी त्यांनी नळाच्या पाण्याने केली. नंतर दोनदा डिस्टिल्ड वॉटरने. दर वेळी चार लिटर भरायचं, इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत गरम करायचं, बंद करून गार होऊ द्यायचं, काढायचं. चार तास गेले ते यातच. पाचपाच लिटरचे दोन कॅन त्यांनी मला द्वारका चौकाजवळून आणायला लावले होते आणि बजावलं होतं, "बोअरचं नको, आरओचं नको, बॅटरीत घालायचं असतं तेच." आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते. तोच थर रेडिएटरच्या आत बसला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता भरण्याचा भाग, जो मला सगळ्यात आवडला. धुतल्यानंतरही ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत साधारण एक लिटर पाणी राहतंच. बहुतेक ठिकाणी हे गृहीत धरत नाहीत. वरून तयार मिश्रण ओततात आणि ते आपोआप पातळ होतं. मामांनी म्हणून तयार मिश्रण न घेता कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, घेतलं. आधी दोन लिटर कॉन्सन्ट्रेट, त्यावर उरलेलं दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, आतलं एक लिटर धरून एकूण पाच. म्हणजे चाळीस टक्के. मी विचारलं, पन्नास का नाही? म्हणाले, "आपल्याकडे बर्फ नाही पडत ताई. जास्त घट्ट केलं तर उष्णता कमी उचलतं." हे खरं आहे. शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा बरीच कमी उष्णता वाहून नेतं. नुसतंच भरलं तर ते उणे तेराच्या आसपासच गोठतं. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्येही पस्तीस टक्क्यांच्या खाली आणि साठच्या वर जाऊ नका असं आहे. त्याच मॅन्युअलमध्ये फॉस्फेटवालं एथिलीन ग्लायकॉल सांगितलंय, म्हणून डब्यावर ते आणि आयएस ५७५९ हा भारतीय मानकाचा आकडा पाहूनच त्यांनी कॉन्सन्ट्रेट उघडलं. दोन वेगळ्या जातींची कूलंटं मिसळली तर कधी कधी आत जेलीसारखा चिकटा होतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं ते बघा, माझ्या गाडीचं तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही.

मग हवा काढणं. गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला, झाकण उघडं, त्यावर मोठं नरसाळं, हीटर फुल गरमवर, इंजिन चालू. पंधरा-वीस मिनिटं काहीच होत नाही. मग वरचा होज पाइप गरम होतो, मामा तो फडक्याने धरून दाबतात आणि नरसाळ्यात बुडबुडे येतात. मोठे, मग बारीक, मग थांबतात, मग अचानक एक मोठा ढेकर देऊन पातळी पाव लिटरने खाली. थोड्या वेळाने खालचा पाइपही तापला: थर्मोस्टॅट उघडला. फॅन एकदा लागून बंद झाला. मला वाटलं झालं. ते म्हणाले, अजून एकदा. दुसऱ्यांदा फॅन लागून बंद झाला, बुडबुडा नाही, आणि गाडीत हीटरमधून कडक गरम हवा. तेव्हा कुठे इंजिन बंद. नवं झाकण लावलं, डबा खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्यापर्यंत भरला. त्या दुर्बिणीसारख्या नळीने तपासलं: उणे चोवीस. चाळीस टक्क्यांना येतो तोच आकडा.

फेब्रुवारीतल्या त्या पंचवीस मिनिटांत यातलं काहीही होणं शक्य नव्हतं. गार इंजिन, हवा, फॅनचे दोन फेरे यांना लागतो तेवढा वेळ लागतोच, त्यात माणसाची हुशारी वेळ वाचवू शकत नाही.

खर्च सांगते. कॉन्सन्ट्रेटचे दोन डबे ७६०, डिस्टिल्ड वॉटर २००, झाकण १८०, मजुरी ५००. एकूण १,६४० रुपये. चार तास तपासून, धुऊन, भरून पाचशे मजुरी मला कमी वाटली आणि मी तसं बोलले. त्यांनी जास्त घेतले नाहीत.

उणिवाही आहेत. बसायला एक स्टूल, तेही ग्रीसचं. स्वच्छतागृह नाही. मी दोनदा चालत पुढच्या पेट्रोल पंपावर गेले, आणि गिऱ्हाइकाला गाडीपाशी थांबायला सांगणाऱ्या गॅरेजने बायकांसाठी याचा विचार करायला हवा. हे मी त्यांना सांगितलं आहे. बिल साध्या वहीच्या कागदावर. फोन क्वचितच उचलतात. सोमवारी बंद. दिवसाला दोनच गाड्या घेतात, त्यामुळे चार-पाच दिवस थांबावं लागतं. घाईत असाल तर उपयोग नाही.

हे सगळं घरीच का केलं नाही, असं माझ्या भाच्याने विचारलं. काम अशक्य नाही. गार इंजिन, टब, पकड, नरसाळं आणि पूर्ण एक सकाळ एवढंच लागतं. मी दोन गोष्टींमुळे थांबले. एक, दाब तपासायचा पंप माझ्याकडे नाही, आणि तो नसता तर झाकण गेलंय हे मला कळलंच नसतं. नवं कूलंट भरून मी पुन्हा त्याच घाटात तशीच अडकले असते. दुसरी गोष्ट सोसायटीतल्या मोती कुत्र्याची. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि पोटात गेलं की शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात स्फटिक साचतात. थोडंसंही जिवावर बेतू शकतं. लहान मुलांचंही तेच. पार्किंगच्या उतारावर चार लिटर सांडलं तर ते कुठे कुठे गेलं हे मला शोधता आलं नसतं, आणि गटारात सोडलं तर नाल्यातून गोदावरीतच. मामा जुनं कूलंट ऑइलमध्ये न मिसळता वेगळ्या निळ्या कॅनमध्ये साठवतात आणि औद्योगिक टाकाऊ रसायनं नेणाऱ्याला देतात. सांडलेलं लगेच पाण्याने धुऊन तेही टबात घेताना मी पाहिलं. घरी करणार असाल तर एवढं तरी करा, माझी विनंती आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फुकट परत बोलावलं. गार इंजिनावर झाकण उघडलं, बोटभर पातळी खाली गेली होती, तेवढी भरली. पाइपच्या एका क्लिपवर पांढरट-हिरवी खपली दिसली, ती क्लिप त्यांनी बदलली, चाळीस रुपये. आठवडाभर रोज सकाळी डब्याची खूण बघायला सांगितली. मी पेनाने रेघ मारून तारीख लिहिली होती, रेघ हलली नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आईला परत सोडून मी एकटी वर येत होते. पाऊस अजून लागला नव्हता, उकाडा तसाच, पुढे तशीच ट्रकांची रांग. एसी मुद्दाम चालू ठेवला. काटा मध्यावर होता, घाटनदेवीपाशीही मध्यावरच. गाडी थांबवून मी आईला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला, "काटा कुठे आहे?"